नैसर्गिक संपत्ती आणि सशस्त्र संघर्ष

हिरे, तेल, खनिजे, लाकूड, सुपीक जमीन यांची विपुलता आणि युद्ध किंवा यादवी यांच्यातील संबंध हा राज्यशास्त्र व अर्थशास्त्र या दोहोंचा अभ्यासविषय आहे. संपत्ती आली की लढाई येतेच, असे मात्र नाही. बोट्स्वानात १९६६ च्या स्वातंत्र्यापाठोपाठ हिरे सापडले, तरी तेथे यादवी झाली नाही. सिएरा लिओनमध्ये मात्र हिऱ्यांनीच १९९१ ते २००२ पर्यंत युद्ध पोसले. संपत्ती कोणाला काढता येते, ती कोणत्या वाटेने बाहेर पडते आणि तिच्यातला वाटा कोणाच्या पदरात पडतो, या तीन गोष्टींवर बरेच काही ठरते. ठाणे आणि नवी मुंबईचा परिसर पाहिला तर या तिन्ही गोष्टी नीट समजतात.

सिएरा लिओनच्या कोनो भागातील हिरे नदीच्या गाळात मिळतात. फावडे, चाळणी आणि राबायला माणसे एवढ्यावर काम भागते. शिवाय मूठभर माल खिशातून सीमेपार जातो. बंडखोरांना असेच उत्पन्न लागते. खोल समुद्रातले तेल त्यांच्या हाती येत नाही. अंगोलाच्या यादवीत सरकारचा खर्च मुख्यतः तेलावर चालला, तर युनिटा बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रे घेतली. अशा हिऱ्यांचा व्यापार रोखण्यासाठी २००३ पासून किंबर्ली प्रक्रियेची प्रमाणपत्रे सुरू झाली. मुंबई हायचे तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून उरणला येतात. तेथे कोणा टोळीचा शिरकाव होणे कठीण. उलट, मुंब्रा-भिवंडीच्या खाडीतील रेती सक्शन पंप लावून रातोरात बार्जमध्ये भरता येते. महसूल खात्याची पथके धाड घालतात, गॅस कटरने पंप-बार्ज तोडतात, आणि काही दिवसांनी उपसा पुन्हा सुरू होतो. याला युद्ध म्हणता येणार नाही, पण सहज लुटता येणारी संपत्ती कशी असते ते यावरून कळते.

वाटेचे महत्त्व मुंबईच्या उत्तरेला लागून असलेल्या साष्टी बेटाच्या इतिहासात दिसते. मुंबई १६६५ मध्ये इंग्रजांच्या हाती आली, पण मुंबई बेटावर पिकणारे धान्य पुरेसे नव्हते. भात साष्टीतून येई, आणि ठाणे व उरणजवळच्या करंजा येथे पोर्तुगीज अंमलदार येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांकडून जकात मागत. त्यावरून दोघांत वर्षानुवर्षे तंटे झाले. मराठ्यांनी मार्च १७३७ मध्ये खाडी ओलांडून ठाणे घेतले. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मे १७३९ मध्ये वसई पडली. या मोहिमेमागे धार्मिक जाचाची गाऱ्हाणी आणि राज्यविस्तार ही कारणेही होती. सारे श्रेय भाताला आणि जकातीला देणे चूक ठरेल. पुढे पोर्तुगीज साष्टी परत घेण्यासाठी आरमार पाठवत आहेत अशी वार्ता आली, तेव्हा त्यांच्या आधी आपणच घ्यावी म्हणून इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला करून तो जिंकला. त्यात त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन मारला गेला. सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये साष्टी इंग्रजांकडेच राहिली. त्याच किल्ल्यात आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे.

हाव मोठी की गाऱ्हाणे, हा या विषयातील जुना वाद. पॉल कोलियर आणि अँके हॉफलर या अर्थतज्ज्ञांनी बंडाला पैसा कोठून मिळतो यावर भर दिला. बूगनव्हिल बेटाचे उदाहरण त्यात पूर्ण बसत नाही. तेथील पांगुना तांब्याच्या खाणीने पापुआ न्यू गिनीची तिजोरी भरली, जमीनमालकांना मात्र नगण्य वाटा मिळाला आणि खाणीच्या गाळाने जाबा नदी नासली. १९८८ मध्ये विजेचे मनोरे उडवले गेले, १९८९ मध्ये खाण बंद पडली, आणि २००१ च्या शांतता करारापर्यंत हजारो माणसे मेली. बंडखोरांनी खाण लुटली नाही, ती बंद पाडली.

नवी मुंबईतील गाऱ्हाणे याच जातीचे होते. नवे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचे ठरले. आगरी, कोळी, कराडी कुटुंबांची भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी त्यात ओढली गेली. जमिनीचे मोल शहर वसल्यावर वाढणार होते, मोबदला मात्र शेताच्या हिशेबाने. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. तरी या लढ्याचे सशस्त्र बंड झाले नाही. दि. बा. पाटील यांच्यासारखा, आमदार आणि खासदार म्हणून निवडून आलेला नेता प्रकल्पग्रस्तांच्या पुढे होता; शेतकरी कामगार पक्षाची गावोगाव बांधणी होती, मागणी विधिमंडळात मांडता येत होती. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण मान्य झाले. गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न मात्र त्यानंतरही अनेक वर्षे रेंगाळला.