विशेष शाळेत ॲडमिशन घ्यायचंय? सर्टिफिकेटपासून डब्यापर्यंत सगळं

विशेष शाळेच्या ॲडमिशनला आरटीईसारखी लॉटरी नसते. थेट शाळेत जायचं, फॉर्म मागायचा, मुलाला दाखवायचं, जागा असेल तर घेतात, जूननंतरही घेतात. मग पालकांचं वर्ष कशात जातं, तर दिव्यांग सर्टिफिकेटमध्ये. म्हणून जूनला शाळा हवी असेल तर दिवाळी झाली की कामाला लागा, एप्रिल-मे मध्ये सिव्हिलला गर्दी पण असते आणि डॉक्टर सुट्टीवर पण. मी लिहितेय ते महाराष्ट्रातल्या मतिमंद मुलांच्या शाळांबद्दल, माझा मुलगा तिथेच जातो. कर्णबधिर, अंध, अस्थिव्यंग मुलांच्या शाळा वेगळ्या, तिथे कागद जवळपास हेच लागतात पण तपासण्या वेगळ्या.

आधी पात्रता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आणि यातलं कुठलं ते पालकांनी ठरवायचं. त्यामुळे एखाद्या शाळेने "याला स्पेशलला टाका" असं सांगितलं म्हणजे तो काही हुकूम नाही. नेहमीच्या शाळेतच ठेवायचं असेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जा, समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तिथे असतात.

मूल सहाच्या आतलं असेल तर जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा, सगळे त्याला डीईआयसी म्हणतात, तपासणी आणि थेरपी फुकट आहे. काही विशेष शाळा लहानांचा गट पण चालवतात, विचारून बघा.

आता सर्टिफिकेट. हल्ली ते यूडीआयडी कार्डाबरोबरच मिळतं, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. स्वावलंबन या सरकारी वेबसाइटवर अर्ज करायचा, मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि तुमचा चालू मोबाईल नंबर लागतो, सही येत नसेल तर अंगठा चालतो. फी शून्य. सायबर कॅफेवाला फॉर्म भरायचे पैसे घेईल ते वेगळे, पण "कार्ड काढून देतो" म्हणून हजार-दोन हजार मागणारा भेटला तर तिथून निघा. अर्जात हॉस्पिटल निवडावं लागतं, ते आपल्या जिल्ह्यातलं किंवा जिथे मुलाची ट्रीटमेंट चालू आहे तिथलं घ्या. प्रिंट सांभाळून ठेवा, त्यावरचा एनरोलमेंट नंबर प्रत्येक खिडकीवर विचारतात.

अर्ज टाकायच्या आधी एक काम मात्र नक्की करा. जन्मदाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. दाखल्यावर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं असेल तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर तीच चूक कार्डावर जाते, मग शाळेच्या ऑनलाइन नोंदणीत अडकते, मग शिष्यवृत्तीत, आणि दरवेळी तुम्हालाच नव्या रांगेत उभं राहायला लागतं.

सिव्हिलमध्ये दिव्यांग बोर्ड रोज बसत नाही, वार ठरलेला असतो, आधी फोन करून विचारा. तिथे सायकॉलॉजिस्ट टेस्ट घेतात. लाकडी ठोकळे भोकात बसवायला देतात ती सेग्विन फॉर्म बोर्ड, प्रश्नांची असते ती बिने-कामत, आणि व्हीएसएमएस नावाच्या टेस्टमध्ये प्रश्न तुम्हाला असतात, म्हणजे चमच्याने खातो का, शी-शू सांगतो का, एकटा दुकानात जातो का. इथे खरं तेच सांगा. आयांना वाटतं आपलं पोर कमी दिसू नये म्हणून त्या वाढवून सांगतात, काहींना कोणीतरी शिकवून पाठवलेलं असतं की टक्के वाढवायला कमी सांगा. दोन्हीत नुकसान मुलाचंच, कारण हाच रिपोर्ट पुढे शाळा वाचते. टेस्टच्या दिवशी मुलाची झोप आणि खाणं झालेलं असू दे, चष्मा किंवा कानाचं मशीन असेल तर घालूनच न्या. रडारड झाली आणि टेस्ट नीट झालीच नाही तर दुसरी तारीख मागा, लाजू नका.

टक्क्यांचा हिशोब साधारण असा की सौम्य ५०, मध्यम ७५, तीव्र ९० आणि अतितीव्र १००. म्हणजे सौम्य असलं तरी ४० च्या अटीत मूल बसतंच, फक्त अगदी सीमारेषेवरच्या मुलांची अडचण होते. कार्डाचा रंग पण टक्क्यांवर, ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० पासून पुढे निळा. कार्डावर ९० बघून घरात सुतक पाळू नका, त्या आकड्यावरून मूल काय शिकेल ते कळत नाही. निकाल चुकीचा वाटला तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. लहान मुलांचं सर्टिफिकेट बहुतेक वेळा तात्पुरतं असतं, त्यावरची तारीख बघून मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

शाळेत जाताना फाईलमध्ये जन्मदाखला, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार, यूडीआयडी किंवा सर्टिफिकेट, सायकॉलॉजिस्टच्या टेस्टचा आयक्यू रिपोर्ट, रेशनकार्ड, आधीच्या शाळेचा दाखला असेल तर तो, जातीचा दाखला असेल तर तो, लसीकरणाचं कार्ड, बँक पासबुक आणि पासपोर्ट साइज फोटो जरा जास्तच. फिट येत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांच्या वेळा लिहून द्या. फिटचं लपवणारे पालक मी बघितलेत, ॲडमिशन नाकारतील म्हणून. लपवू नका हो, वर्गात फिट आली आणि बाईंना माहीतच नाही तर केवढं अवघड.

शाळेत केस हिस्टरी घेतात, गरोदरपणापासून सगळं विचारतात, थोडे दिवस मुलाला बघतात आणि मग गट ठरतो. पहिली-दुसरी असं नसतं, पूर्व प्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, पूर्व व्यावसायिक असे गट असतात, वय आणि जमतं किती ते बघून. मग मुलाचा वेगळा प्लॅन बनतो, आयईपी, त्याची कॉपी मागून घ्या. त्यात "अभ्यासात प्रगती" असलं गुळमुळीत नसतं, नसायला हवं. "दोन बटणं स्वतः लावेल", "दहाची आणि वीसची नोट ओळखेल" असं मोजता येईल असं लिहिलेलं असतं.

दिवस कसा जातो तर प्रार्थना, आज वार कुठला हवा कशी, मग गटाचं काम, मध्ये स्पीच थेरपी किंवा फिजिओ. डब्याची सुट्टी हाच मोठा तास आहे, डबा उघडणं, पोळीचा तुकडा मोडणं, सांडलेलं पुसणं, हात धुणं, सगळं शिकवणं त्यातच. म्हणून घरून भरवायला सोपं म्हणून रोज मऊ भात देऊ नका, पोळीभाजी द्या. टॉयलेट ट्रेनिंग चालू असेल तर कपड्यांचा जादा जोड आणि इलास्टिकची पँट. मोठी मुलं कागदी पिशव्या, पणत्या, राख्या, उटण्याची पाकिटं करतात, दिवाळीच्या आधी शाळेचा स्टॉल लागतो तो यांचाच. अठरानंतर कार्यशाळा असते, पण तिथे जागा कमी, दोन वर्षं आधीच चौकशी करा.

शाळा निवडताना रंगीत भिंती बघू नका. शिक्षकांची आरसीआयची (विशेष शिक्षकांची नोंदणी करणारी केंद्राची परिषद) नोंदणी आहे का, काळजीवाहक मावशी किती, बाथरूम कसं, व्हॅनमध्ये ड्रायव्हरशिवाय कोणी असतं का, हे बघा. शासनमान्यता विचारा. अनुदानित शाळेत शिकवण्याची फी नसते, निवासी अनुदानित असेल तर राहणं-जेवण पण मोफत, विनाअनुदानित शाळा फी घेतात आणि व्हॅनचा खर्च बहुतेक आपलाच. तक्रार असेल किंवा जिल्ह्यातल्या मान्य शाळांची यादी हवी असेल तर जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, त्यावर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. निवासी शाळेबद्दल माझं मत विचाराल तर गावाजवळ दुसरं काहीच नसेल तरच, आणि आधी न सांगता एकदा जेवणाच्या वेळी जाऊन या.

ॲडमिशन झालं की त्याच कागदांवर एसटीचा सवलतीचा प्रवास आणि दिव्यांग शिष्यवृत्ती, दोन्हीचं शाळेच्या ऑफिसात विचारा. निरामय आरोग्य विमा नक्की काढा, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा, एक लाखापर्यंत कव्हर, मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग मुलांसाठी, त्यात ओपीडी आणि थेरपीचा खर्च पण बसतो, आधी मेडिकल करावी लागत नाही. फॉर्म नोंदणीकृत संस्थेतून भरता येतो. आणि मूल १८ चं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी कलेक्टर अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो, आई-बापाला पण करावा लागतो, तेव्हा हीच फाईल परत लागते, सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा.