कडू कवठ

(सं. तुवरक, मल. मरोट्टी, लॅ. हिड्नोकार्पस पेंटँड्रा, कुल–अकॅरिएसी). पश्चिम घाटात कोकणापासून केरळपर्यंत, विशेषतः ओढ्याकाठच्या दमट जंगलांत आढळणारा मध्यम उंचीचा सदापर्णी वृक्ष. जुन्या ग्रंथांत तो हि. लॉरिफोलिया किंवा हि. वाइटियाना या नावांनी आणि फ्लॅकोर्शिएसी कुलात दाखविलेला असतो. नर व मादी फुले सहसा वेगवेगळ्या झाडांवर येतात. फळ गोल, तपकिरी व कठीण सालीचे असून गरात अनेक कोनयुक्त बिया रुतलेल्या असतात. फळाचे बाह्यरूप सोडल्यास खाण्याच्या कवठाशी या वृक्षाचा संबंध नाही. खाण्याचे कवठ लिंबाच्या कुलातले.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, मधुमेहावरील अध्यायात, तुवरकाचा विधी येतो. पावसाळ्याच्या आरंभी फळे गोळा करावीत, मगज काढून तेल घ्यावे, ते काही काळ शेणात पुरून ठेवावे व मग शोधनासाठी (शरीरशुद्धीसाठी) पाजावे, असा त्याचा गोषवारा. कुष्ठावरही ते सांगितले आहे. संहितेचा काळ निश्चित नाही आणि तिच्यात निरनिराळ्या काळांतील थर आहेत, त्यामुळे या उपचाराचे वय सांगताना सावधगिरी हवी.

तुवरक म्हणजे नेमके कोणते झाड, यावर मतभेद आहेत. काही लेखकांनी तो ईशान्येकडील चौलमुग्रा, म्हणजे कुष्ठरोगावरील तेलासाठी प्रसिद्ध असलेला याच प्रजातीतील दुसरा वृक्ष, मानला. संहितेत मात्र हे वृक्ष पश्चिम समुद्राच्या किनाऱ्यावर, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने पालवी हलत असलेले असे वर्णिले आहेत. आसाम, त्रिपुरा व म्यानमारच्या झाडाला हे लागू पडत नाही. कडू कवठाला पडते. म्हणून ही दुसरी ओळख अधिक ग्राह्य वाटते. सतराव्या शतकाच्या अखेरीस मलबारच्या वनस्पतींवर निघालेल्या ‘होर्टुस मलाबारिकुस’ या ग्रंथात मरोट्टीचे चित्र आहे.

चौलमुग्र्याचा गोंधळ याहून मोठा होता. 1854 मध्ये कोलकात्याचे डॉक्टर मोआट यांनी ते तेल कुष्ठरोगावरील औषध म्हणून पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडले, तेव्हा ते गायनोकार्डिया ओडोराटा या झाडाचे समजले जाई. बाजारातील बिया प्रत्यक्षात हिड्नोकार्पस कुर्झीच्या (तेव्हाचे नाव टॅरॅक्टोजीनॉस कुर्झी) असल्याचे 1900 च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी दाखविले. गायनोकार्डियाच्या तेलात प्रभावी मानलेली अम्ले नाहीतच, हे नंतर रसायनशास्त्रानेही सिद्ध केले. तरीही ‘गायनोकार्डेट’ हे नाव औषधांच्या बाटल्यांवर बराच काळ टिकले.

रसायनशास्त्रज्ञ पॉवर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1904–05 मध्ये या तेलांतून चौलमुग्रिक (C₁₈H₃₂O₂) व हिड्नोकार्पिक (C₁₆H₂₈O₂) ही अम्ले वेगळी केली. पहिल्याचे रेणुसूत्र जवसाच्या तेलातील लिनोलेइक अम्लाचेच, पण रचना अगदी निराळी: सरळ साखळीच्या टोकाला एक द्विबंध असलेले पाच कार्बनांचे कडे. वनस्पतींच्या तेलांत असे कडे विरळाच. ही रचना 1925 मध्ये श्रायनर व अ‍ॅडम्स यांनी निश्चित केली. या अम्लांमुळे तेल ध्रुवित प्रकाशाचे (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे) प्रतल स्पष्टपणे उजवीकडे वळविते, आणि भेसळ ओळखण्यास हा गुण उपयोगी पडे. कडू कवठाच्या तेलातील मेदाम्लांत हिड्नोकार्पिक सुमारे निम्मे, चौलमुग्रिक सुमारे पाव हिस्सा, त्याखालोखाल गॉर्लिक अम्ल असते. बियांतून हिड्नोकार्पिन हे फ्लेव्होनोलिग्नॅन वर्गातील संयुगही मिळाले आहे.

तेल पोटात घेतल्यास ओकारी व जुलाब होत आणि टोचल्यास ते त्वचेखाली गोळा होऊन राही. एथिल एस्टरे (तेलातील अम्लांची एथिल अल्कोहोलाशी झालेली संयुगे) हा त्यावरचा तोडगा. तशी एक जर्मन औषधी आधीपासून होती, परंतु सहज टोचता येईल असे द्रव्य तयार करण्याची पद्धत हवाई येथे अ‍ॅलिस बॉल यांनी 1915–16 मध्ये बसविली. त्यांच्या मृत्यूनंतर श्रेय काही काळ दुसऱ्याच्या नावे गेले. उपचाराच्या यशाबद्दलचे दावे एकसारखे नाहीत. प्रयोगशाळेत ही अम्ले मायकोबॅक्टेरियमची (कुष्ठरोगाचे जंतू ज्या गटात मोडतात त्या जंतूंची) वाढ रोखतात, बहुधा बायोटिन या जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणून. 1940 नंतर कुष्ठरोगावर सल्फोन गटातील कृत्रिम औषधे आली आणि हे तेल मागे पडले.

केरळात हे तेल दिव्यासाठी वापरतात, फळाच्या अर्ध्या करवंटीचीच पणती करतात. पेंड खत म्हणून शेतात घालतात. फळे मासे गुंगविण्यासाठीही वापरली जात.