नांग्या भरायच्या आधी

जूनअखेरची गोष्ट. लातूर जिल्ह्यातल्या औशाजवळच्या आमच्या रानात तुरीच्या नांग्या भरणं चाललं होतं. पेरलेल्यातलं जे उगवत नाही, किंवा उगवून पाखरानं खाल्लं जातं, तिथं तासात मोकळी जागा राहते. ती नांगी. कोणी तिथं पुन्हा बी टोकतं, कोणी आधीच पिशवीत वाढवून ठेवलेलं रोप लावतं. धाकट्या भावानं टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, "दादा, हसणार नसलास तर एक सांगतो. डोक्यावरच्या नांग्या भरून घ्याव्या म्हणायलोय."

हसलो नाही असं नाही. पण मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, आणि हेअर ट्रान्सप्लांटला याहून नेमका शब्द मला आजवर मिळालेला नव्हता. फरक एकच, पण सगळा व्यवहार त्याच्यावर फिरतो. तुरीच्या नांगीत बी बाहेरून येतं. डोक्याला बी बाहेरून आणता येत नाही. मागच्या बांधाकडचं रोप उपटायचं आणि पुढच्या तासात लावायचं, एवढंच. शस्त्रक्रियेआधी डोक्यावर जेवढी केसांची मुळं असतात, तेवढीच नंतर असतात. बहुधा थोडी कमीच, कारण उपटताना काही तुटतात.

भाऊ ४७ वर्षांचा. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकलेत आणि भोवऱ्याजवळ रुपयाएवढी जागा उघडी पडलीय. लातुरात एका हॉटेलच्या हॉलमध्ये केसांचं शिबिर भरलं होतं, तिथं तो जाऊन आला होता. टेबलावरच्या पोरानं फोटो काढला, कॉम्प्युटरवर दाट केस लावून दाखवले आणि म्हणाला, "काका, एका बैठकीत पाच हजार." पाच हजार काय, हे त्यानं सांगितलं नाही, भावानं विचारलं नाही. केस की ग्राफ्ट? त्वचेतून केस एकेकटे उगवत नाहीत. एकापासून चारपर्यंत केसांचा झुपका एका ठिकाणाहून निघतो, त्या झुपक्याला ग्राफ्ट म्हणतात. सरासरी दोन केस धरले तर पाच हजार केस म्हणजे अडीच हजार ग्राफ्ट. खताची गोणी घेताना पन्नास किलो की पंचेचाळीस हे बघणारा माणूस इथं मात्र आकड्याला भुलला.

आता केस जातात कसे ते बघू. प्रत्येक केसाचं मूळ दोन ते सहा वर्षं वाढत राहतं, मग दोन-तीन आठवड्यांत आवरतं घेतं, तीनेक महिने विश्रांती घेतं, जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. डोक्यावर साधारण एक लाख केस, म्हणून रोज पन्नास-शंभर गळाले तरी बिघडत नाही. टक्कल पडतं ते गळण्यानं नाही, परत येणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येण्यानं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी, तयार होतं. ज्या मुळांना ते सोसत नाही, त्यांचा वाढीचा काळ दर फेरीला कमी होतो. काही फेऱ्यांनंतर केसाची लव होते.

हे कोडं सुटायला वेळ लागला. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, एवढं प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होतं. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञानं पुढचा दुवा दाखवला. अशा पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस विरळ होऊ लागले. म्हणजे संप्रेरक हवं आणि वारसाही हवा. डीएचटीचा सुगावा १९७४ मध्ये लागला, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवरून. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं विकर (एन्झाइम) तिथल्या काही पुरुषांमध्ये जन्मतःच दुबळं होतं, आणि त्यांच्यात अशा तऱ्हेचं टक्कल दिसत नव्हतं.

मग डोक्याच्या मागचे, कानाकडेचे केस का टिकतात? ती मुळं डीएचटीला दाद देत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये मागचा केसाळ तुकडा पुढच्या टकलावर लावला आणि तिथं केस उगवत राहिले. टकलाचा तुकडा मागे लावला, तर तो मागेही टकलाच राहिला. केस जागेचा गुण घेत नाही, मुळाचा घेतो. आजचं प्रत्येक केशरोपण या एका गोष्टीवर उभं आहे. त्यांच्या आधी जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्ये जखमांच्या व्रणांवर असे केस लावून दाखवले होते, पण महायुद्धाच्या गदारोळात ते काम जगापर्यंत पोचलंच नाही.

भावाची माझ्यावर जुनी तक्रार आहे. आम्ही एका आईबापाचे, मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आणि माझे केस अजून शाबूत. आमच्याकडे म्हणतात, टक्कल मामावर जातं. ते निम्मं खरं आहे. डीएचटी किल्लीसारखं पेशीतल्या ज्या कुलुपात बसतं, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. पण आईकडे एक्स दोन. दोघा भावांना वेगवेगळा वाटा येऊ शकतो. शिवाय २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ५२ हजारांवर पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी संबंध असलेल्या २८७ जागा जनुकसंचात सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेक एक्सवर नाहीत. म्हणजे मामालाही दोष द्या, वडिलांनाही द्या. बोअरच्या पाण्याला मात्र देऊ नका. लातुरात केसांचं सगळं खापर क्षारांवर फुटतं. क्षारांनी केस राठ होतात, साबणाला फेस येत नाही, हे मान्य. पण कपाळाचे कोपरे आणि भोवरा तेवढा गाठून, मागचे केस सोडून देणारं पाणी मी अजून पाहिलं नाही.

केस जाण्याची इतर कारणं असतात आणि ती आधी तपासावीत. थायरॉइड, रक्तातलं लोह, आणि डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळणारे केस, जे बहुधा आपोआप परततात. चाई, म्हणजे चकत्यांनी केस जाणं, वेगळीच, तिथं शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटते. जानेवारी २०२५ मध्ये विदर्भातल्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत काही दिवसांत लोकांची टकलं झाली, तेव्हा सगळीकडे घबराट उडाली होती. पुढे अनेकांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं आढळलं. यातल्या कशावरही नांग्या भरणं हा इलाज नाही.

भावाला मी वहीच्या पाठच्या पानावर हिशोब करून दाखवला. डोक्यावर मुळात दर चौरस सेंटीमीटरला सत्तर-ऐंशी झुपके असतात. निम्मे जाईपर्यंत बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणून रोपण करताना पस्तीस-चाळीस लावले तरी डोळ्याला पुरतं. या सगळ्या धंद्याला चालवणारी सवलत ती हीच. त्याची समोरची जागा साधारण ७० चौरस सेंटीमीटर. पस्तीसनं गुणलं तर अडीच हजार ग्राफ्ट. हे जमण्यासारखं आहे. पण आमच्या वडिलांचं डोकं आठव म्हटलं. साठीत कानापासून कानापर्यंत मागची झालर तेवढी उरली होती. तेवढं मोकळं रान साधारण २०० चौरस सेंटीमीटर भरतं, म्हणजे सात हजार ग्राफ्ट. मागच्या बांधावरून उभ्या आयुष्यात विरळपणा न दिसता निघतात ते बहुतेकांचे चार ते सहा हजार. विहिरीत पाणी किती आहे ते न बघता ऊस लावला, की काय होतं हे लातूरकरांना रेल्वेनं पाणी आलं तेव्हा कळलंच आहे.

"मग भोवऱ्याचं काय?" तो म्हणाला.

भोवऱ्याला हात न लावणं बरं. तिथले केस चक्राकार फिरतात, भरायला ग्राफ्ट फार लागतात, आणि पुढे भोवतीचं गळत गेलं तर मधोमध लावलेल्या केसांचं बेट उरतं. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या शेजारचे मूळचे केस आपल्या वाटेनं जातच राहतात. हीच गोष्ट पंचविशीतल्या पोरानं रोपण करू नये याचं कारण आहे. त्याचं टक्कल कुठवर जाणार ते कोणालाच ठाऊक नसतं. माझ्या मते मध्यमवयाचा खरा फायदा हाच. सत्तेचाळिशीत वाट बरीचशी दिसलेली असते, वडिलांचे फोटो हाताशी असतात, आणि विशीतल्यासारखं सरळ दाट कपाळ हवं असा हट्ट नसतो. नसावा. पन्नाशीच्या चेहऱ्यावर कॉलेजातल्या पोराची केसरेषा विगपेक्षा वाईट दिसते.

गळती रोखायची ती औषधानं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती, अंगावर केस वाढू लागले म्हणून डोक्यावर लावायचं औषध झालं. फिनास्टेराइड डीएचटी तयार होणं कमी करतं. आधी ते पुरुषांच्या वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी आलं, १९९७ मध्ये अमेरिकेत टकलासाठी मान्य झालं. दोन्ही बंद केली की काही महिन्यांत कमावलेलं जातं. फिनास्टेराइडनं काहींची कामेच्छा मंदावते, काहींना नैराश्य येतं, म्हणून ते दुकानदाराच्या सल्ल्यानं घेऊ नये. पन्नाशीजवळच्यांनी तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय तपासणाऱ्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडा या गोळीनं जवळपास निम्मा होतो. गोळी चालू असल्याचं न सांगता तपासणी केली, तर धोक्याचा आकडा साधा दिसू शकतो. शिबिरात हे कोणी सांगितलं नव्हतं. सहा महिने औषध नेमानं घेऊन बघितल्याशिवाय ते लागू पडतं की नाही हे ठरवता येत नाही.

शस्त्रक्रिया म्हणजे सहा-आठ तासांची बैठक, डोकं इंजेक्शननं बधिर केलेलं. त्यात रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ॲड्रेनलिन असतं. बीपी, शुगर, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी, हे सगळं वयानं आपल्या पदरात टाकलेलं असतं, आणि ते झाकून ठेवून खुर्चीत बसणं हा खरा धोका. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात. भाऊ तेव्हा दिवसाला तीन पुड्या मळायचा. एक मिलिमीटरच्या आसपासच्या सुईनं एकेक झुपका काढायचा, थंड द्रावणात ठेवायचा, बारीक छेदात योग्य कोनात बसवायचा. रोप उपटून बांधावर वाळत ठेवलं तर जे होतं, तेच इथं उशीर झाला तर होतं. म्हणून "एका बैठकीत जास्तीत जास्त" ही जाहिरात ऐकली की मला धडकी भरते. २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकानं एकाच वेळी साडेनऊ हजार ग्राफ्ट लावून घेतले. चेहरा सुजला, श्वास अडला आणि तो दगावला. तीव्र ॲलर्जीचा संशय होता. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं बजावलं, की हे काम त्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं आहे, यूट्यूब बघून किंवा कार्यशाळेत नुसतं पाहून ते शिकता येत नाही. आयोगाला हे लिहावं लागलं, यातच सगळं आलं. जीएसटीच्या नियमांतही आरोग्यसेवेच्या सवलतीतून केशरोपण नावानिशी वगळलंय, म्हणजे बिलावर कर लागतो. आरोग्य विमाही बहुधा हात वर करतो.

मग तो मूळ मुद्द्यावर आला. माघात पोरीचं लग्न आहे. मांडवात, फोटोत, व्याह्यांपुढे.

हे ऐकून मी वही मिटली. लावलेले केस पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात, मूळ आत राहतं. तीन-चार महिन्यांनी नवे फुटतात, पूर्ण पीक वर्षानं. श्रावणात लावून माघात निम्मंच हाती येणार होतं, आणि मांडवात तर तो फेटाच बांधणार होता.

आषाढात आम्ही दोघं लातूरच्या सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग ओपीडीत गेलो. केसपेपर काढला, रांगेत उभे राहिलो. डॉक्टरबाईंनी भिंगानं टाळू बघितली, थायरॉइड आणि शुगर लिहून दिली. शुगर वाढलेली निघाली, ती आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हती. औषध सुरू झालं, रोपणाचा विचार वर्षावर गेला. तंबाखू तीन पुड्यांवरून एकीवर आलीय, असं तो सांगतो. भावजय सांगत नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, दर महिन्याला एकाच खिडकीजवळ, एकाच उजेडात डोक्याचा फोटो काढा, आरशावर विश्वास ठेवू नका. तारीख विसरते म्हणून त्यानं अमावास्या धरली. पहिला फोटो दिव्याच्या अमावास्येचा, दुसरा पोळ्याचा. सहावा येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला काढायचा आहे, रानात, भज्जी आणि आंबिलाचं जेवण झाल्यावर. खिडकी तिथं नाही, हे मी त्याला सांगून बघितलं.