नाकाची ॲलर्जी

श्वासाबरोबर नाकात शिरणाऱ्या निरुपद्रवी कणांना रोगप्रतिकार यंत्रणा शत्रू समजते आणि त्यातून नाकाच्या अस्तराला दाह होतो, त्याला नाकाची ॲलर्जी म्हणतात. ॲलर्जीसाठी मराठी वैद्यकीय लेखनात 'अधिहर्षता' हा शब्द योजला गेला. बोलण्यात तो रुळला नाही. ओळीने येणाऱ्या शिंका, पाण्यासारखे गळणारे नाक, नाक चोंदणे आणि नाक, डोळे, टाळू यांना सुटणारी खाज ही तिची मुख्य लक्षणे.

या विकाराची सर्वांत मोठी अडचण म्हणजे तो सर्दी म्हणून खपून जातो. साधे पडसे विषाणूंमुळे होते, त्यात अंग मोडून येते, घसा दुखतो आणि आठ-दहा दिवसांत ते ओसरते. ॲलर्जीत ताप येत नाही, खाज मात्र ठळक असते आणि तक्रार महिनोन्‌महिने चालते. 'मला बारमाही सर्दी आहे' असे सांगणाऱ्याला बहुधा सर्दी नसतेच. लहान मुले खाज शमवायला तळहाताने नाकाचा शेंडा खालून वर ढकलत राहतात. त्यांना 'घाणेरडी सवय' म्हणून बोलणी बसतात. पण पुढे नाकावर शेंड्याच्या थोडी वर आडवी रेघ उमटते आणि डॉक्टर ती पाहूनच निम्मे निदान करतात.

गल्लत नावातही आहे. लंडनमधील वैद्य जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःच्याच उन्हाळी त्रासाचे वर्णन वैद्यक सभेपुढे वाचले. पुढे त्याला 'हे फीव्हर', म्हणजे वाळल्या गवताचा ताप, हे नाव पडले. प्रत्यक्षात त्यात ताप नाही आणि वाळले गवत हे मूळ कारणही नाही. खरे कारण परागकण, हे इंग्लंडमधील डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये मांडले. तेही रुग्णच, त्यांनी परागांचे प्रयोग स्वतःवर केले आणि उंचावरचे पराग पकडण्यासाठी चिकट काचा पतंगावर चढवल्या. दोष मात्र आजही फुलदाणीतल्या गुलाबाला दिला जातो. रंगीत, सुवासिक फुलांचे पराग जड व चिकट असतात, ते कीटक वाहून नेतात. त्रास देतात ते वाऱ्यावर उडणारे हलके पराग: गवतांचे, तणांचे, काही वृक्षांचे.

घरातले मुख्य कारण म्हणजे धूळकिडे. सुमारे ०.३ मिलिमीटर लांबीचे हे जीव गादी-उशीत राहून माणसाच्या त्वचेचा कोंडा खातात. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांची. बुरशीचे बीजाणू, झुरळे आणि पाळीव जनावरे ही इतर कारणे. मांजराचा केस निमित्तमात्र. प्रथिन त्याच्या लाळेतून व त्वचेतून येते आणि मांजर गेल्यावरही महिनोन्‌महिने घरात राहते.

पहिल्या संपर्कात काहीच जाणवत नाही. शरीर त्या कणाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे बनवते आणि ती नाकातील मास्ट पेशींवर, म्हणजे अस्तरातल्या संरक्षक पेशींवर, जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण आला की या पेशी हिस्टामीन हे दाह घडवणारे रसायन सोडतात आणि काही मिनिटांत शिंका, खाज व पाणी सुरू होते. चार-आठ तासांनी दुसरी लाट येते. तिच्यात इतर दाहपेशी जमा होतात, अस्तर सुजते, नाक चोंदते. हिस्टामीनविरोधी गोळी शिंका थांबवते पण चोंदलेले नाक तितकेसे मोकळे करत नाही, ते यामुळेच.

निदानाचा पाया म्हणजे रुग्णाची हकिगत: त्रास कुठे, कधी, काय केल्यावर होतो. खात्रीसाठी त्वचेवर टोचून केलेली चाचणी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते. रक्तातील विशिष्ट आयजीईही मोजता येते.

उपचारांत कारण टाळणे आधी येते. गादी-उशीला घट्ट विणीचे अभ्रे घालावेत, चादरी ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवाव्यात, धूळ ओल्या फडक्याने पुसावी. झाडूने ती फक्त उडते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे उपयोगी, पण पाणी उकळून गार केलेलेच हवे. गोळ्यांत सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन ही नवी औषधे जुन्यांपेक्षा कमी झोप आणतात. सततच्या त्रासावर सर्वांत परिणामकारक म्हणजे नाकात मारायचा स्टेरॉइड फवारा. 'स्टेरॉइड' ऐकून लोक बिचकतात. फवाऱ्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि काम मुख्यतः नाकातच होते. तो वाया जातो चुकीच्या पद्धतीने. मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारावा, फवाऱ्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला ठेवावे आणि जोरात हुंगू नये, नाहीतर औषध घशात उतरते. पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात. तिसऱ्या दिवशी बाटली टाकून देणारेच जास्त.

नाक झटपट मोकळे करणारे थेंब, उदा. झायलोमेटाझोलिन, हा मोहाचा सापळा आहे. ते पाच-सात दिवसांपुढे वापरले की औषधाचा असर ओसरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते, आणि मग बाटली उशाखालून हलत नाही. ॲलर्जीच्या कारणाचीच वाढत्या मात्रेत लस देण्याची पद्धत इंग्लिश डॉक्टर लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये मांडली. ती इंजेक्शनने किंवा जिभेखाली, साधारण तीन ते पाच वर्षे घ्यावी लागते.

नाक आणि फुप्फुसे एकाच वाटेवर आहेत, त्यामुळे अनेक रुग्णांना दमाही असतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये मेलबर्नला गडगडाटी वादळात गवताचे पराग फुटून हवेत पसरले. हजारो लोकांना दम लागला आणि दहा जण दगावले. बाधितांपैकी अनेकांना दमा असल्याचे आधी ठाऊकच नव्हते. छातीत शिट्टी वाजू लागली तर केवळ नाकाचे औषध पुरत नाही.

उलटही घडते, दुसराच आजार ॲलर्जी म्हणून खपून जातो: एकाच बाजूचे नाक सतत चोंदणे, दुर्गंधी, वारंवार रक्त येणे ही ॲलर्जीची लक्षणे नव्हेत, त्यासाठी नाक आतून तपासून घ्यावे लागते.