हिवाळ्यानंतर मत्स्यतळ्याची देखभाल

गोठवणारी थंडी पडते अशा प्रदेशांत बागेतल्या तळ्यात गोल्डफिश (कॅरॅसियस ऑरॅटस), कोई (कार्प माशाचा रंगीत शोभेचा प्रकार) यांसारखे शोभेचे मासे वर्षभर उघड्यावरच राहतात. तळ्यावरचा बर्फ वितळू लागल्यापासून पाण्याचे तापमान सु. १५° से.वर टिकेपर्यंत पाणी, फिल्टर, वनस्पती आणि मासे यांची जी निगा राखतात, तिचा विचार या नोंदीत केला आहे. हा काळ काही आठवड्यांचा असतो आणि माशांच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत धोक्याचा. ऐन थंडी निभावून नेलेले मासे बर्फ गेल्यावर दगावतात, ते का, हे समजून घेतले की देखभालीचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

पाणी ४° से.ला सर्वांत जड असते. त्यामुळे पृष्ठभाग गोठला तरी पुरेशा खोल तळ्याच्या तळाशी ४° से.च्या आसपासचे पाणी टिकून राहते आणि मासे तिथे जवळजवळ न हलता हिवाळा काढतात. मासे शीतरक्ती असल्याने त्यांचा चयापचय पाण्याबरोबर मंदावतो. ते खात नाहीत, साठवलेल्या चरबीवर जगतात. गोल्डफिश आणि त्याच्या जवळच्या भाईबंदांना आणखी एक विलक्षण सोय आहे. बर्फाखाली ऑक्सिजन संपत आला तर ते शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे अल्कोहोलमध्ये रूपांतर करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. कोईकडे ही क्षमता नाही, म्हणून त्यांना खोल तळे आणि बर्फात मोकळे ठेवलेले भोक अधिक गरजेचे असते.

वसंतात अडचण येते ती तळ्यातले सगळे जीव एकाच वेळी जागे होत नाहीत म्हणून. कॉस्टिया आणि किलोडोनेला हे सूक्ष्म परजीवी थंड पाण्यातही वाढतात. कातडीवर व्रण पाडणारे एरोमोनस गटातले जिवाणू पाणी ५–६° से.च्या वर गेले की जोर धरू लागतात. माशाची रोगप्रतिकारशक्ती मात्र १२–१५° से.च्या खाली फारच सुस्त असते. अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणूही १०° से.च्या खाली रेंगाळतच काम करतात. म्हणजे शत्रू आधी जागा होतो आणि राखणदार नंतर. दिवसा ऊन आणि रात्री पुन्हा गारठा असे पाणी वरखाली होत राहिले तर ही अवघड अवस्था लांबते, आणि उथळ तळ्यात ती सर्वांत जास्त जाणवते.

म्हणून या कामात कॅलेंडर बाजूला ठेवून तापमापक वापरावा. तो पृष्ठभागावर तरंगता न ठेवता दोरीला बांधून निम्म्या खोलीवर सोडावा आणि वाचन सकाळी घ्यावे; दुपारच्या उन्हात वरचा थर जो आकडा दाखवतो त्यावर विसंबून खाणे सुरू करणे घातक ठरते.

पहिली पाहणी. बर्फ स्वतःहून वितळू द्यावा. तो घणाने फोडल्यास पाण्यातून जाणारा दणका माशांना इजा करतो. पाणी मोकळे झाले की मेलेले मासे आणि कुजलेली पाने लगेच जाळीने काढावीत. त्यानंतर काठ पाहावेत: बर्फाच्या दाबाने दगड सरकलेले असतात, सिमेंटच्या तळ्याला तडा गेलेला असतो, रबरी अस्तराची कड खाली घसरून पाणी मातीत झिरपत असते. पातळी रोज उतरत असेल तर ती गळतीने की बाष्पीभवनाने हे ओळखायला सोपा उपाय आहे. एक बादली काठोकाठ न भरता तळ्याच्या उथळ भागात ठेवावी आणि बादलीतली व तळ्यातली पातळी खुणेने नोंदवावी. दोन्ही सारख्या उतरल्या तर बाष्पीभवन; तळे अधिक उतरले तर गळती.

गाळ. वर्षभराची पाने, विष्ठा आणि मेलेले शेवाळ तळाशी बसून काळा गाळ होतो. त्याच्या खालच्या थरात ऑक्सिजन नसतो आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारख्या वासावरून तो ओळखता येतो. गाळ ढवळला तर हा विषारी वायू पाण्यात मिसळतो आणि पाण्यातला ऑक्सिजनही झपाट्याने खर्च होतो. त्यामुळे गाळ ओढून घेणाऱ्या पंपाने किंवा बारीक जाळीने, एका वेळी तळाचा एखादा भाग घेऊन, काही दिवसांच्या अंतराने काढणे चांगले. तळे पूर्ण उपसून, घासूनपुसून, नव्या पाण्याने भरण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती या ऋतूत टाळलीच पाहिजे. तिच्यात अशक्त मासे हाताळले जातात, उपयुक्त जिवाणू धुऊन जातात आणि पाण्याचे रसायन एका दिवसात बदलते. तिन्ही गोष्टी माशाला एकदम सोसाव्या लागतात. काढलेला गाळ दिवसभर काठावर ठेवावा, म्हणजे त्यातल्या चतुरांच्या अळ्या, गोगलगायी वगैरे जीव पाण्यात परततात.

फिल्टर आणि पंप. हिवाळ्यात पंप तळापासून वर उचललेला असतो, नाहीतर तो तळाचे उबदार पाणी वरच्या थंड पाण्यात मिसळतो. पाणी १०° से.च्या आसपास स्थिरावल्यावर तो पुन्हा खाली नेतात. फिल्टर हिवाळाभर बंद असेल तर त्यात साचलेले पाणी आधी बाहेर सोडून द्यावे. महिनोन्‌महिने कोंडलेले ते दुर्गंधी पाणी तळ्यात शिरले तर पहिल्याच दिवशी मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसतील.

स्पंज धुण्याची रीत बारकाईने पाळण्यासारखी आहे. बादलीत तळ्याचेच पाणी घ्यावे, स्पंज त्यात बुडवून दोन-तीनदा हलके पिळावा. तपकिरी गढूळपणा निघून जातो, पण स्पंजाच्या छिद्रांत किंचित बुळबुळीत थर राहतो. तो थर राहू द्यायचा असतो, कारण नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच असतात. नळाखाली धुतल्यास पाण्यातल्या क्लोरिनने ते मरतात आणि फिल्टर नव्याने बसवल्यासारखा कोरा होतो. अनेक कप्प्यांचा फिल्टर असल्यास एका आठवड्यात एकच कप्पा धुवावा.

पाणी हिरवे करणारे सूक्ष्म शेवाळ मारणारा अतिनील दिवा चालू दिसत असला तरी साधारण वर्षभराच्या सलग वापरानंतर त्याचे उपयुक्त किरण बरेच घटलेले असतात. म्हणून दिवा वसंताच्या सुरुवातीलाच बदलतात आणि त्याभोवतीच्या क्वार्ट्झ नळीवर बसलेला चुन्याचा थर पुसतात. पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. तळ्याच्या जोडणीला विजेची गळती ३० मिलिअँपिअर झाली की वीज तोडणारे स्विच असलेच पाहिजे.

पाण्याची तपासणी. अमोनिया, नायट्राइट, सामू (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे हे दाखवणारा आकडा, पीएच) आणि कार्बोनेटचे प्रमाण या चार चाचण्या या काळात दर दोन-तीन दिवसांनी कराव्यात. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात; जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट. पहिला गट आधी सावरतो, त्यामुळे वसंतात अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढतो. नायट्राइटमुळे माशाचे रक्त तपकिरी पडते आणि त्याची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. पाण्यातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून १,००० लिटरला १ किलो साधे मीठ हा जुना आणि खात्रीचा तात्पुरता उपाय आहे. मीठ आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून दोन-तीन दिवसांत विभागून घालतात. ते उडून जात नाही, पाणी बदलले तरच कमी होते. पाणवनस्पतींना ते फारसे मानवत नाही. आणि फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषणारे खनिज) असेल तर त्याने धरून ठेवलेला अमोनिया मिठामुळे पुन्हा पाण्यात सुटतो. तळ्याची क्षमता माहीत नसताना मीठ किंवा औषध घालू नये. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून गुणाकाराला १,००० ने गुणले की लिटर मिळतात: ४ मी. लांब, २.५ मी. रुंद आणि १ मी. खोल तळ्यात १०,००० लिटर पाणी असते.

अमोनियाचा आकडा सामूबरोबरच वाचावा. २०° से.ला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग विषारी, म्हणजे मुक्त रूपात असतो. सामू ८ ला तो सु. ४ टक्के होतो आणि ९ ला २५ टक्क्यांच्या वर जातो. थंड पाण्यात हे प्रमाण कमी असते. म्हणून मार्गी लागल्यासारखे वाटणारे तळे पाणी तापताच अचानक बिघडते. अमोनिया तेवढाच असतो, पण त्यातला विषारी हिस्सा वाढलेला असतो. बर्फाच्या आणि पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. हिवाळाभर ते तळ्यात पडत राहिल्याने कार्बोनेट विरळ होतात आणि सामू सावरून धरणारे काही उरत नाही. अशा वेळी खाण्याचा सोडा थोडा थोडा, रोज मोजून घालतात. पाणी बदलायचे तर आठवड्याला १० ते २० टक्के पुरे, तेही क्लोरिन काढून आणि तापमान जुळवून.

खाणे. गोल्डफिश आणि कोई या माशांना जठर नसते. अन्न सरळ आतड्यात जाते. पाणी १०° से.च्या खाली असताना पचनरस इतके मंद असतात की अन्न आतड्यात पडून राहते आणि फिल्टरवरचा भारही वाढतो. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तरी हात आवरावा. सलग आठवडाभर सकाळचे तापमान १० च्या वर राहिल्यावर गव्हाच्या अंकुरावर आधारलेले, कमी प्रथिनांचे खाणे द्यायला सुरुवात करतात: आधी एक दिवसाआड, पाच मिनिटांत संपेल एवढेच. १५° से.नंतर नेहमीचे खाणे हळूहळू वाढवतात. गेल्या मोसमातले उघडे पाकीट टाकून द्यावे. त्यातले क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट झालेले असते आणि चरबी खवट झालेली असते.

आजार. रोज काही मिनिटे काठावर शांत उभे राहून मासे पाहणे ही सर्वांत उपयोगी तपासणी. पर अंगाला चिकटवून एका कोपऱ्यात थांबलेला मासा, एकाएकी आडवा होऊन दगडाला अंग घासणारा मासा, पाणी पडते तिथेच घुटमळणारा मासा, हे सगळे काहीतरी सांगत असतात. अंगावर राखाडी-निळसर पातळ थर दिसला तर तो सूक्ष्म परजीवींमुळे वाढलेला चिकट स्राव असतो. कापसासारखे पांढरे पुंजके बुरशीचे (सॅप्रोलेग्निया) असतात आणि ते बहुधा आधीच्या जखमेवर वाढतात. तांबूस कडा असलेला खड्डा जिवाणूंचा व्रण समजावा. आर्ग्युलस ही माशांची ऊ आणि लर्निया हा जहाजाच्या नांगरासारख्या डोक्याने मांसात रुतणारा परजीवी नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, पण ते पाणी बरेच उबदार झाल्यावर.

कातडीवरचा स्राव खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सरसकट औषध ओतणे योग्य नाही. बहुतेक औषधे पाण्यातला ऑक्सिजन कमी करतात, काही फिल्टरच्या जिवाणूंना मारतात, आणि त्यांची मात्रा तापमानानुसार बदलते. दोन विषाणुजन्य रोग मात्र वेगळे ठेवावे लागतात. कार्प माशांचा ‘वसंतकालीन विषाणुरक्तता’ हा रोग प्रामुख्याने ११–१७° से.ला उद्भवतो: पोट फुगते, डोळे बाहेर येतात, कातडीवर व कल्ल्यांत रक्तस्रावाचे ठिपके दिसतात. १९९८ मध्ये पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर नोंदला गेलेला कोई हर्पिस विषाणू १६° से.च्या वर डोके वर काढतो. दोन्हींवर उपचार नाही आणि दोन्ही जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या यादीत आहेत. संशय आल्यास पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवणे अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. याच कारणाने वसंतात विकत आणलेले नवे मासे थेट तळ्यात सोडू नयेत. त्यांना काही आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीसह ठेवावे.

शेवाळ आणि वनस्पती. बर्फ गेल्यावर ऊन भरपूर असते, पोषकद्रव्ये मुबलक असतात आणि कमळांची पाने अजून वर आलेली नसतात. त्या मोकळ्या काळात पाणी हिरवे होते. हे हिरवेपण बघायला वाईट असले तरी माशांना सहसा अपायकारक नसते. अडचण सामूची: दाट शेवाळ दिवसा कार्बन डाय-ऑक्साइड शोषून सामू चढवते आणि रात्री ऑक्सिजन वापरते, म्हणून पहाटे हवेचा पंप चालू ठेवावा. दोऱ्यासारखे शेवाळ काठीला गुंडाळून काढतात. बार्लीचा पेंढा आधीच असलेले शेवाळ मारत नाही. तो कुजत असताना नव्या वाढीला आवर बसतो आणि थंड पाण्यात त्याला बरेच आठवडे लागतात, त्यामुळे तो लवकर टाकावा लागतो. कमळांचे कंद नवे कोंब दिसू लागल्यावर विभागून पुन्हा लावतात. पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकला की शेवाळ बरेच आटोक्यात येते.

बेडूक बर्फ सरताच उथळ कडेला अंडी घालतात. त्या भागातली साफसफाई बेडूकमासे बाहेर पडून मोठे होईपर्यंत पुढे ढकलावी. भेकांचे (टोड) नर मिलनाच्या काळात माशालाच घट्ट मिठी मारून बसतात आणि कल्ले दबून मासा गुदमरू शकतो. अशा नराला ओल्या हातांनी हळुवार सोडवावे. पाणवनस्पती वाढलेल्या नसताना सुस्त मासे राखी बगळ्याला अगदी सहज सापडतात, म्हणून पाने पडू नयेत यासाठी शरदात बांधलेली जाळी कमळांची पाने पसरेपर्यंत तशीच ठेवणे हिताचे.