फंक्शनल पोटविकार (कोकण किनारपट्टी)

पोट दुखतं, फुगतं, कधी शौचाला खडा तर कधी पातळ, दोन घास खाल्ले की जड वाटतं, आणि सोनोग्राफी, रक्त, एंडोस्कोपी सगळं नॉर्मल येतं, अशा तक्रारींच्या गटाला फंक्शनल पोटविकार म्हणतात. यात सगळ्यात जास्त बोललं जातं ते आयबीएसबद्दल (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखीसोबत शौच बिघडण्याचा विकार), पण जुनाट बद्धकोष्ठ आणि अल्सर नसलेलं अपचन हे त्याहून जास्त लोकांना असतं. या विकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या रोम निकषांच्या चौथ्या आवृत्तीने (रोम-4, 2016) या गटाला आतडं-मेंदू संवादाचे विकार असं नाव दिलंय, तरी दवाखान्यात अजून फंक्शनल हाच शब्द चालतो. कोकणात यातलं काहीच ऐकू येत नाही. इथे गॅस असतो, पित्त असतं, नाहीतर आंव असते.

किती लोकांना

रोम फाउंडेशनचा 33 देशांतला मोठा सर्व्हे 2020 मध्ये आधी ऑनलाइन प्रसिद्ध झाला, त्यात 73,000 हून जास्त माणसं होती. इंटरनेटवरून विचारलं तिथे 40.3 टक्के लोकांना यातला किमान एक विकार निघाला, घरोघरी जाऊन विचारलं तिथे 20.7 टक्के. भारत या दुसऱ्या गटात होता. आता हा फरक खरा की विचारण्याच्या पद्धतीचा यावर तज्ज्ञांत एकमत नाही, पण अनोळखी माणसासमोर, त्यात घरातली चार माणसं ऐकत असताना, आपल्या शौचाबद्दल कोण किती मोकळं बोलणार हे लक्षात घेतलं तर दुसरा आकडा थोडा कमीच धरलेला असावा असं वाटतं. फक्त आयबीएसचं प्रमाण याच सर्व्हेत अनुक्रमे 4.1 आणि 1.5 टक्के आलं. भारतीय गॅस्ट्रोएंटरॉलॉजी सोसायटीच्या टास्क फोर्सने 2008 मध्ये आयबीएस 4.2 टक्के सांगितला होता, तो जुन्या निकषांवर. कोकणाला सगळ्यात जवळचा अभ्यास मुंबईचा, 2001 मधला, त्यात साधारण 30 टक्के प्रौढांना अपचनाच्या तक्रारी होत्या, आणि मुंबईतल्या चाळींत चाकरमानी किती हे सांगायला नको.

निकषांबद्दल एक अडचण नोंदवायला हवी. रोम-4 प्रमाणे आयबीएस म्हणायला गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोटात 'दुखलं' पाहिजे, नुसती अस्वस्थता चालत नाही. आपल्याकडचा पेशंट दुखतं म्हणतच नाही. तो म्हणतो, "पोट साफ होणा नाय, गॅस धरता." रोज शौचाला होत असूनही बद्धकोष्ठ आहे असं मानणारे इथे भरपूर, कारण आपल्याकडे दिवसातून एकदा-दोनदा हे नेहमीचंच आणि पाश्चात्त्य व्याख्येतलं आठवड्यातून तीनपेक्षा कमी इथे क्वचितच कुणाला लागू पडतं. त्यामुळे निकष कडक केले की आपले पेशंट यादीतून गळतात, त्रास मात्र तसाच राहतो.

ग्रहणीचा वाद

आयुर्वेदातला ग्रहणी हा पोटाचा आजार म्हणजेच आयबीएस असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. ग्रहणीचं सविस्तर वर्णन चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात आहे (संहितेचा आजचा पाठ साधारण इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला, मूळ थर त्याआधीचा असावा). कधी बांधून तर कधी पातळ, हे ग्रहणीचं लक्षण ग्रंथात येतं, आणि 1849 मध्ये विल्यम कमिंग या डॉक्टरने एकाच माणसाला कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब हेच कोडं म्हणून मांडलं होतं. पण दुसऱ्या पक्षाचं म्हणणं असं की ग्रहणीत माणूस खंगतो, अशक्त होतो, अन्न न पचता पडतं, हे आयबीएसमध्ये होत नाही, हे स्प्रूसारख्या, म्हणजे आतड्यात अन्न नीट शोषलं न जाण्याच्या, आजाराचं चित्र आहे, आणि इंग्रजी अमदानीतल्या बऱ्याच डॉक्टर-वैद्यांनी ग्रहणी म्हणजे स्प्रू असंच धरलं होतं. माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात (सातवं-आठवं शतक मानतात) मात्र, निदान आज छापल्या जाणाऱ्या पाठात, संग्रहग्रहणी (ग्रहणीचाच एक प्रकार) दिवसा वाढते आणि रात्री शांत होते असं आलंय. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब हे फंक्शनल नसल्याची खूण आजही मानतात, त्यामुळे ही ओळ दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ग्रहणी ही एक मोठी छत्री होती, तिच्याखाली स्प्रूही होता आणि आयबीएसही, असं मानणं जास्त सुरक्षित.

आंवेचं प्रकरण

कोकणात मात्र प्रत्यक्षात गोंधळ ग्रहणीने नाही, आंवेने केला. चिकट पडलं की आंव. चिकट म्हणजे म्युकस, आणि तो आयबीएसमध्येही पडतो. मग शौचाची तपासणी होते, लॅबच्या चिठ्ठीवर 'ई. हिस्टोलिटिका सिस्ट: प्रेझेंट' (म्हणजे आंवेच्या अमिबाची कवचातली अवस्था दिसली) असं येतं, त्यावरच्या मेट्रोनिडॅझोल या औषधाचा कोर्स होतो, आठवडाभर तोंडाला धातूसारखी चव, थोडं बरं वाटतं कारण हा विकार मुळातच चढउताराचा, आणि दोन महिन्यांनी परत तेच. अशा चिठ्ठ्यांची प्लास्टिकची पिशवी घेऊन येणारी माणसं तालुक्याच्या कुठल्याही दवाखान्यात बसलेली दिसतील.

यातली गोम सूक्ष्मदर्शकात आहे. एमिल ब्रुम्प्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1925 मध्येच सांगितलं होतं की दिसायला सारखे असे दोन अमिबा आहेत, एक आजार करणारा आणि एक निरुपद्रवी, दुसऱ्याला त्याने डिस्पार नाव दिलं. त्याचं जवळपास कुणी ऐकलं नाही. डायमंड आणि क्लार्क यांनी 1993 मध्ये दोन्ही वेगळे असल्याचं पक्कं केलं, आणि 1997 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ बैठकीने नुसती सिस्ट दिसली तर दोन्ही नावं जोडून लिहा, कारण सूक्ष्मदर्शकाला फरक कळत नाही, असं सांगितलं. सिस्ट बाळगणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के लोकांत निरुपद्रवी जातच असते असा तेव्हाचा अंदाज. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी 'जुनाट आंवा' आंव नव्हत्याच.

तरी संसर्गाचा संबंध अगदीच नाही असंही नाही. पहिल्या पावसात विहिरींचं पाणी गढुळतं आणि गॅस्ट्रोची साथ येते, हे दरवर्षीचं. अशा संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस मागे लागतो, कॅनडातल्या वॉकरटन गावात 2000 साली पाणी दूषित झाल्यावर तिथल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून हा संबंध नीट दाखवला गेलाय. जंतू जातो, आतड्याच्या नसा हळव्या होऊन राहतात. हा हळवेपणा रिची यांनी 1973 मध्ये फुगा फुगवून मोजला होता, आयबीएसवाल्यांना कमी हवेतच दुखायला लागलं.

परिणाम

या विकारांनी आयुष्य कमी होत नाही, दिवस खराब होतात. गणपतीला गावी निघालेली बाई रात्रीच्या एसटीत वाटेत संडास मिळेल न मिळेल म्हणून दुपारपासून पाणी पीत नाही, आणि चतुर्थीला मोदकांच्या पंगतीत तिचंच पोट फुगलेलं असतं. चिंता आणि नैराश्य यांच्यासोबत हे विकार जास्त दिसतात, आणि ते दोन्ही बाजूंनी चालतं. आयबीएसवाल्यांची पित्ताशयं, अपेंडिक्स आणि गर्भाशयं इतरांपेक्षा जास्त वेळा काढली जातात हे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलंय. जगभर बायकांत प्रमाण जास्त, पण भारतात दवाखान्यात पुरुष जास्त येतात, याचा अर्थ बायकांना होत नाही असा कुणी काढू नये. घरगुती पातळीवर बेंबी सरकली म्हणून चोळून घेणं, कुणीतरी काहीतरी खायला घातलं म्हणून देवाला गाऱ्हाणं घालणं हेही चालतं.

वजन उतरणं, शौचातून रक्त, पंडुरोग, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार, यातलं काही असेल तर फंक्शनल म्हणून सोडून देता येत नाही.

खाणं आणि उपचार

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून 2005 च्या सुमारास आलेला कमी-फॉडमॅप आहार (आतड्यात आंबून गॅस करणारी ठरावीक कर्बोदकं टाळणारा) सध्या सगळ्यात अभ्यासलेला. कोकणाला तो सोपाही आहे आणि कठीणही. भात, पेज, मासे बिनधास्त चालतात, पण काळ्या वाटाण्याचं सांबारं, वालाची बिरडी, कांदा-लसणाचं वाटप, काजू आणि मे महिन्यातला आंबा हे सगळं नको त्या बाजूला पडतं. शिवाय हा आहार कायमचा नसतो, चार-सहा आठवडे बंद करून मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा असतो, हे बहुतेक जण विसरतात. सोलकढी आणि तिवळ पोटाला बरी म्हणून घेतली जाते, ती कोकमामुळे की जेवण सावकाश संपतं म्हणून हे वेगळं काढणं अवघड. औषधांत इसबगोलला आधार बऱ्यापैकी आहे, पेपरमिंट तेलालाही. अमिट्रिप्टिलिन कमी डोसमध्ये उपयोगी पडतं हे इंग्लंडमधल्या 2023 च्या अॅटलांटिस चाचणीने दाखवलं, पण 'डिप्रेशनची गोळी' हे केमिस्टकडे कळलं की पेशंट ती घ्यायची बंद करतो.