निर्वासित वेगळा, आश्रयार्थी वेगळा

‘बेकायदा आश्रयार्थी’ हा शब्दप्रयोग बातम्यांतून कायमचा जायला हवा. असा कुणी नसतोच, कारण आश्रय मागणं हा गुन्हा नाही. ब्रिटनच्या प्रेस कम्प्लेंट्स कमिशनने (वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेने) २००३ मध्येच तिथल्या वर्तमानपत्रांना हे लेखी बजावलं होतं.

निर्वासित म्हणजे काय, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. उल्हासनगर कसं वसलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. (काटेकोर बोलायचं तर भारतीय कायद्याने त्या सिंधी कुटुंबांना ‘विस्थापित’ म्हटलं, ती इथली नागरिकच झाली.) १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती असलेला, स्वतःच्या देशाबाहेरचा माणूस म्हणजे निर्वासित. नोकरी-शिक्षणासाठी गेला तो स्थलांतरित. इथवर फारसं कुणी अडखळत नाही.

अडतं ते आश्रयार्थीपाशी. ज्याने आश्रय मागितला आहे आणि ज्याच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही, तो आश्रयार्थी. हा शब्द फाईल कुठवर आली आहे एवढंच सांगतो. माणूस खरा की खोटा याबद्दल तो काहीच बोलत नाही. बातम्यांत मात्र तो ‘संशयित निर्वासित’ अशा अर्थाने वापरला जातो आणि घोळ तिथेच सुरू होतो. प्रत्येक आश्रयार्थी निर्वासित ठरेलच असं नाही. पण जो ठरतो, तो निकालाच्या तारखेपासून निर्वासित होत नाही. व्याख्येतल्या अटी पुऱ्या झाल्या तेव्हापासून तो निर्वासित असतोच. निकाल फक्त तसं जाहीर करतो. जन्मदाखला उशिरा मिळाला म्हणून जन्म उशिरा झाला असं आपण म्हणत नाही.

मग ‘बेकायदा’ येतं कुठून? सीमा ओलांडण्यातून. कागदपत्रांविना शिरणं कायद्याविरुद्ध असू शकतं, पण त्यानंतर केलेला अर्ज त्यामुळे बेकायदा होत नाही. जिथे जीव धोक्यात होता तिथून थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या निर्वासिताला विनापरवाना प्रवेशासाठी शिक्षा करू नये, असं त्याच कराराचं कलम ३१ सांगतं. अमेरिकेच्या मूळ कायद्यातही माणूस विमानतळावरून आला की कुंपण ओलांडून, याला महत्त्व नाही. पोचल्यापासून १ वर्षाच्या आत आय-५८९ हा अर्ज करायचा असतो. ५ फेब्रुवारी २०२५ ला हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, त्यात महाराष्ट्रातलेही होते. अशा बातमीत ‘बेकायदा स्थलांतरित’ लिहून थांबू नये. आश्रयाचा अर्ज केला होता का, तो ऐकला गेला का, हे विचारायलाच हवं.

भारतात गुंता आणखी वाढतो. आपण १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. नागरिकत्व कायद्यात ‘बेकायदा स्थलांतरित’ची व्याख्या आहे, पण २०१९ मध्ये जोडलेली, धर्म आणि देश पाहून दिलेली सूट सोडली तर ती पारपत्र, कागदपत्रं आणि मुदत एवढंच पाहते, देश का सोडला हे ती विचारत नाही. म्हणून म्यानमारहून आलेली एकच व्यक्ती सरकारच्या लेखी बेकायदा स्थलांतरित आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या लेखी निर्वासित असू शकते. दोन्ही नोंदी खऱ्या, कारण प्रश्न दोन आहेत. बातमीदाराने हातातला कागद नीट पाहावा: अर्ज विचाराधीन असेल तर उच्चायुक्तालय ‘अंडर कन्सिडरेशन सर्टिफिकेट’ देतं, मान्यता मिळाली तर ‘रेफ्युजी कार्ड’. गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्गेलिंग वसाहतीतल्या तिबेटींना हा नियम लावू नये. तिबेटींची नोंदणी भारत सरकार करतं.

शब्दाचं म्हणाल तर ‘शरणार्थी’ टाळाच. हिंदीत त्याचा अर्थ निर्वासित असा पक्का आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी काढलेल्या ५ पैशांच्या टपाल तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ असंच छापलं होतं. मराठीत कुणी तो निर्वासितासाठी वापरतं, कुणी आश्रयार्थीसाठी, आणि ‘शरण येणे’ म्हणजे हत्यार टाकणे ही छटा वर चिकटतेच. ‘लोंढे’ तर नकोच. लोंढा पाण्याचा येतो. माणसं मोजता येतात.

मोजतानाही जपावं. २०२४ अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख लोक बळजबरीने विस्थापित होते, म्हणून ‘१२ कोटी निर्वासित’ असा मथळा देणं साफ चूक. त्यांतले ७ कोटी ३५ लाख स्वतःच्या देशातच होते. निर्वासित ४ कोटी २७ लाख, आश्रयार्थी ८४ लाख. (काही जण दोन गटांत मोजले गेल्याने बेरीज थोडी जास्त भरते.)

आणि अर्ज फेटाळला गेला की लगेच ‘बनावट निर्वासित’ लिहू नये. अमेरिकेत १ वर्षाची मुदत हुकली एवढ्यावरूनही अर्ज नामंजूर होतो, मग भीती कितीही खरी असो. शिवाय अपील बाकी असू शकतं. तोवर बातमीत ‘अर्ज नामंजूर’ असं लिहावं आणि पुढे कारण द्यावं.